सेवेची वर्षे कोणाच्या मालकीची?

दोन विमानकंपन्या एक झाल्या, नोकरांत असंतोष पसरला, उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळावर अडकले आणि चार दिवसांनी सारे मिटले, अशा बातम्या गेल्या काही वर्षांत आपण अनेकदा वाचल्या आहेत. वाचल्या आणि पान उलटले. आपल्यापैकी थोड्यांचेच आप्त विमानकंपनीत असतील. मग त्यांच्या पगाराची व नोकरीच्या शाश्वतीची चिंता ह्या पानांवर कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की ह्या बातम्यांच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो प्रत्येक कष्टकरी माणसाचा आहे. एखाद्याने एका जागी वीस वर्षे इमानाने काम केले, तर ती वीस वर्षे कोणाची? त्याची, की ज्या संस्थेने त्याला पगार दिला तिची? संस्था दुसरीत मिसळली, तर ती वर्षे त्याच्याबरोबर जातात, की जुन्या पाटीबरोबर तीही खाली उतरवली जातात?

इंदूरच्या वाचकांना हे नवे नाही. स्टेट बँक ऑफ इंदूर २०१० मध्ये मोठ्या स्टेट बँकेत मिसळली. हैदराबादच्या वाचकांनी १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबादची पाटी उतरताना पाहिली, आणि बडोद्याच्या बँकेत १ एप्रिल २०१९ रोजी विजया व देना ह्या दोन बँका येऊन मिळाल्या. पाटी बदलायला रंगाऱ्याला एक दिवस पुरतो. आत बसणाऱ्याच्या मनातील उलघाल मात्र वर्षानुवर्षे चालते.

विमानकंपनीत ही उलघाल अधिक तीव्र असते, त्याला कारण आहे. तेथे वैमानिकाचा ज्येष्ठता यादीतील क्रमांक हेच त्याचे भांडवल. मोठ्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला आधी, सहवैमानिकाचा कॅप्टन कोण केव्हा होणार, बढतीच्या वेळी कोणाचा विचार आधी, ह्यांत ह्या क्रमांकाला फार वजन असते. आणि हा क्रमांक एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. सुतार आपली हत्यारे घेऊन दुसऱ्या गावी जातो, शिक्षक आपला अनुभव घेऊन दुसऱ्या शाळेत जातो. पंधरा वर्षांचा वैमानिक दुसऱ्या कंपनीत गेला तर बहुधा यादीच्या तळाशी जाऊन उभा राहतो. म्हणून कंपनीच स्वतः दुसरीत मिसळते तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतो. तो कोठे गेलेला नाही, पण त्याच्या पायाखालची यादी सरकली.

आपल्या देशात हा प्रसंग प्रथम आला तो १९५३ साली. त्या वर्षी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत विमाने उडवणाऱ्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स जन्मली. त्या आठांत हैदराबादची डेक्कन एअरवेज होती. बेगमपेठेतून तिची विमाने सुटत, हे तेथील जुन्या माणसांनी आपल्या वडिलांकडून ऐकले असेल. त्या वेळच्या कायद्यात जुन्या कंपन्यांच्या नोकरांविषयी स्वतंत्र कलमच होते. ठराविक तारखेपूर्वी नोकरीस लागलेला मनुष्य आपोआप नव्या महामंडळाचा नोकर होईल, आणि महामंडळ रीतसर बदल करीपर्यंत त्याचा पगार व अटी पूर्वीप्रमाणेच राहतील. सगळेच गोडीने झाले असे आम्ही म्हणणार नाही, कारण ‘बदल करीपर्यंत’ ह्या शब्दांत पुष्कळ काही मावते. पण ज्या कागदाने विमाने हातची हलवली, त्याच कागदावर माणसांविषयीही लिहिले होते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता २००७ साल पाहा. एअर इंडिया परदेशी जाणारी, इंडियन एअरलाइन्स मुख्यतः देशात उडणारी. दोन्ही सरकारी, दोन्ही तोट्याच्या उंबरठ्यावर, आणि दोघींनी मिळून १११ नवी विमाने मागवून ठेवलेली. दोघी एक झाल्या तर खर्च वाचेल, असा हिशेब मांडून त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या एका कंपनीत आणल्या गेल्या. तीस हजारांहून अधिक नोकर एका छपराखाली आले. पण त्यांचे पगार, भत्ते, हुद्दे, बढतीचा काळ, सारे निराळे होते. एकीकडचा सहवैमानिक जितक्या वर्षांत कॅप्टन होई, तितक्या वर्षांत दुसरीकडचा होत नसे. उड्डाणाच्या तासांचा भत्ता मोजण्याची रीतही वेगळी. दोन जावा एका चुलीवर आणल्या, पण पीठ कोणाचे, पाणी कोणी भरायचे, हे ठरवलेच नाही. २००९ च्या जूनचा पगार लांबणीवर पडला, तेव्हा कागदावर वाचलेला खर्च कोठे गेला हे नोकरांना कोणी सांगू शकले नाही.

पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०११ च्या एप्रिलअखेर संप केला. मागणी मुख्यतः एवढीच, की एका कंपनीत एकाच कामाला दोन दर नसावेत. सुमारे दहा दिवसांनी संप मिटला, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली पगार, हुद्दे व ज्येष्ठता ह्यांचा मेळ घालण्यासाठी समिती बसली. तिचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला. वाचकांनी तारखा पुन्हा एकदा पाहाव्यात. कंपन्या एक झाल्या २००७ साली. माणसांचा हिशेब कसा मांडावा हे विचारायला समिती नेमली २०११ साली. मधली चार वर्षे प्रत्येक नोकर आपल्या शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहत बसला होता.

समितीचा अहवाल येऊन चार महिने होतात न होतात तोच दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मूळच्या एअर इंडियाचे वैमानिक आजारपणाची रजा टाकून घरी बसले. नवी ड्रीमलायनर विमाने येऊ घातली होती. त्यांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्यांनाही द्यायचे ठरले, ते ह्यांना मान्य नव्हते. विमाने आमच्या कंपनीने मागवली, मोठी विमाने आम्ही उडवत आलो, त्यावर पहिली पाळी आमची, असे त्यांचे म्हणणे. हा संप ५८ दिवस चालला. शंभराच्या आसपास वैमानिकांना कामावरून काढण्यात आले आणि जुलैच्या आरंभी दिल्लीच्या उच्च न्यायालयात प्रकरण मिटले. पहिले ड्रीमलायनर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात देशात उतरले.

ह्या दोन संपांत कोण बरोबर? येथे आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला आठवल्याशिवाय राहणार नाही. पहाटे आलेला, दुपारी आलेला आणि दिवस मावळायला तासभर असताना आलेला, सर्वांना सारखीच मजुरी मिळते व पहाटेचे कुरकुर करतात. वर्गात हा दाखला सांगितला की मुले हमखास पहाटेच्या मजुरांची बाजू घेतात. मोठी माणसे मात्र तो निराळ्याच कामी लावतात, असा आमचा अनुभव आहे. असंतुष्ट नोकराला गप्प बसवायचे असले की हा दाखला काढायचा. मालकाने आपल्या पैशाचे काय करावे हे विचारणारा तू कोण?

परंतु दाखला नीट वाचला तर तो मालकाच्या बाजूने इतका सहज झुकत नाही. घरधनी पहाटे मजुरांशी मजुरी ठरवतो, आणि मगच त्यांना मळ्यात धाडतो. संध्याकाळी, त्याच दिवशी, ती चुकती करतो. आणि शेवटच्यांना त्याने जे अधिक दिले ते स्वतःच्या पिशवीतून दिले, पहिल्यांच्या मजुरीतून कापून नव्हे. ह्या तीन गोष्टी असल्या, तरच त्याला ‘मित्रा, मी तुझा अन्याय करीत नाही’ अशा अर्थाचे बोलण्याचा अधिकार पोचतो. ज्या कंपनीने आधी ठरवले नाही, वेळेवर दिले नाही आणि एकाला द्यायचे ते दुसऱ्याच्या वाट्यातून काढले, तिने ह्या दाखल्याचा आसरा घेऊ नये.

ह्या मापाने पाहता, २०११ ची मागणी आम्हांला मुळात न्यायाची वाटते. पगार ही कंपनीच्या पिशवीतली गोष्ट आहे. खालच्याला वर आणले म्हणून वरच्याचे काही जात नाही. गेलाच तर त्याचा मोठेपणा जातो, आणि त्याची भरपाई कोणी मागू नये. ज्येष्ठतेचा प्रकार मात्र वेगळा आहे. पाळी ही वाढवता येत नाही. यादीत एकाला शंभर जागा वर घेतले तर शंभर माणसे एकेक जागा खाली येतात. येथे औदार्य दाखवणारा मालक स्वतःच्या पिशवीला हात लावीत नाही, दुसऱ्याची पाळी उचलून देतो. म्हणून २०१२ च्या वैमानिकांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांची मागणी मात्र आम्हांला मान्य होत नाही. ती विमाने कोणा एका बाजूच्या वैमानिकांची नव्हती. सरकारी कंपनीची, म्हणजे लोकांच्या पैशांची होती. आपली पाळी जाऊ नये एवढे मागणे निराळे, आणि शेजाऱ्याला पाळीच मिळू नये असे मागणे निराळे. शिवाय पगार वेळेवर होत नसलेल्या त्या दिवसांत ५८ दिवसांच्या संपाचा भार सामान उचलणाऱ्या व तिकीट खिडकीवर बसणाऱ्या नोकरांवरही पडला असणार. त्यांना ह्या भांडणात कोणी विचारले नव्हते.

ज्येष्ठतेच्या बाबतीत कोणाला तरी खाली यावेच लागत असेल, तर तो निर्णय कोणी व कसा करावा? ह्याचे उत्तर अमेरिकेने फार महागात शिकले. तेथील टीडब्ल्यूए ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तिची मालमत्ता घेतली. टीडब्ल्यूएच्या विमानसेविकांना नव्या ज्येष्ठता यादीत सर्वांच्या तळाशी लावण्यात आले. तीस तीस वर्षे सेवा झालेल्या बायका काल भरती झालेल्या मुलींच्या खाली गेल्या. त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, प्रवासी घटले, कपात सुरू झाली, आणि कपात यादीच्या तळापासून होते. २००३ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या सर्वजणी घरी बसल्या होत्या. येथे दुःखाची गोष्ट ही, की त्यांना तळाशी ठेवण्यात कंपनीपेक्षा तेथील नोकरांच्या संघटनेचाच हात अधिक होता. कष्टकरी कष्टकऱ्याला न्याय देईलच असे नाही. पुढे २००७ च्या डिसेंबरात, मिसुरी राज्याच्या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने कायदा झाला, की दोन विमानकंपन्या एक होताना ज्येष्ठतेच्या याद्या न्याय्य व समतोल रीतीनेच मिसळाव्या, आणि मतभेद राहिल्यास तिऱ्हाईत लवादाने निवाडा द्यावा. तळाशी गेलेल्या बायकांना त्याचा लाभ झाला नाही. कायदा त्यांच्यामुळे झाला, त्यांच्यासाठी झाला नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालक बदलताना कामगाराचे काय, ह्याविषयी कलम होते: सेवा अखंड राहावी, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसाव्यात, मागची वर्षे नव्या मालकाने मोजावीत, नाहीतर भरपाई द्यावी. ते चांगले होते, पण ते कायद्याच्या व्याख्येतील कामगारापुरते, आणि दोन याद्या एकमेकींत कशा विणाव्यात ह्याविषयी त्यात काही नव्हते. कंपनी कायद्यानुसार दोन कंपन्या एक व्हायच्या तर भागधारकांची व कर्ज देणाऱ्यांची सभा भरते, तीन चतुर्थांश रकमेचे मत लागते. ज्याने गेल्या महिन्यात शंभर रुपयांचा शेअर घेतला त्याला मत आहे. ज्याने तीस वर्षे विमानाची इंजिने तपासली त्याला नाही.

१९८२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे ह्याच्या जवळचाच एक प्रश्न आला होता. कंपनी बंद करण्याच्या अर्जावर कामगारांना म्हणणे मांडता येईल का? पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी, न्यायमूर्ती भगवती त्यांत प्रमुख, होय म्हटले. पैसा घालणारा जसा कंपनीचा घटक, तसा श्रम घालणाराही, अशी त्यामागची विचारसरणी होती. दोघे न्यायमूर्ती विरुद्ध गेले. आम्हांला हा निकाल फार मोलाचा वाटतो. तथापि बंद पडताना ऐकून घेणे आणि एक होताना मत विचारणे ह्यांत अजून बरेच अंतर आहे.

मालकांची बाजूही येथे सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे एकांगी होईल. विमानाचा धंदा मोठा बेभरवशाचा. इंधन महागले, रुपया घसरला, की वर्षाचा नफा महिन्यात जातो. किंगफिशरची विमाने २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली तेव्हा नोकरांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली आणि हजारो घरांतला पगार बंद झाला. बुडण्यापेक्षा मिसळणे बरे, असे मालक म्हणतात ते खरेच आहे. चार जणांचे काम दोन कचेऱ्यांत आठ जण करीत असतील तर काही जागा कमी होणार, हेही खरे. आमचा आक्षेप जागा कमी होण्याला नाही, तर ती गोष्ट शेवटच्या दिवसापर्यंत झाकून ठेवण्याला आहे. ज्याला आपली नोकरी जाणार हे ठाऊक आहे, तो दुसरी शोधतो, मुलीचे लग्न पुढे ढकलतो, घराचे कर्ज काढीत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडून आपण फक्त पगार घेत नाही, शहाणपणाने वागण्याची संधीही घेतो.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांकडे गेली. विकताना सरकारने अट घातली होती, की पहिले एक वर्ष कोणाला काढायचे नाही, आणि दुसऱ्या वर्षी काढायचे तर स्वेच्छानिवृत्ती देऊनच. ही अट आधी ठरली, उघड ठरली, म्हणून आम्ही तिला चांगली म्हणतो. परंतु त्याच सुमारास मुंबईतील कालिना येथील नोकरांच्या वसाहतीत नोटिसा गेल्या, की विक्रीनंतर सहा महिन्यांत घरे सोडा. ती घरे नोकरांच्या मालकीची नव्हती, हे कायद्याने बरोबर. पण पगारपत्रकात जो मोबदला दिसत नाही तोही मोबदलाच असतो. मुलांची शाळा, शेजार, म्हाताऱ्या आईचा डॉक्टर, ह्या गोष्टी कोणत्या यादीत लिहायच्या? संघटना उच्च न्यायालयात गेल्या, पुढे २०२४ च्या आरंभी काही रिकाम्या इमारती पाडायला सुरुवात झाली.

मग आले २०२४ साल. त्या एका वर्षात टाटांच्या चार विमानकंपन्यांच्या दोन झाल्या. विस्तारा एअर इंडियात, आणि पूर्वी एअरएशिया इंडिया म्हणून ओळखली जाणारी कंपनी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये. एप्रिलच्या आरंभी विस्ताराच्या वैमानिकांपुढे नवे वेतनपत्रक आले. पूर्वी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचा पगार हमखास मिळे. आता ४० तासांचा मिळणार, पुढचे जितके उडाल तितके. वरवर पाहता हे न्याय्यच दिसते: काम करा, पैसे घ्या. पण महिन्यात किती तास उडायचे हे वैमानिक ठरवीत नाही, कंपनी ठरवते. धंद्यातली अनिश्चितता जी पूर्वी कंपनीच्या खांद्यावर होती, ती नोकराच्या खांद्यावर ठेवली, एवढाच ह्या आकड्यांचा अर्थ. वैमानिक आजारी पडू लागले, शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली.

महिनाभराने, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, एक्सप्रेसचे केबिन क्रू असेच एकदम रजेवर गेले. पगाराची नवी रचना, दोन कंपन्यांच्या लोकांना मिळणारी वेगळी वागणूक, परगावी मुक्कामात खोली दुसऱ्याबरोबर वाटून घेण्याची सक्ती, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. खोलीच्या तक्रारीला काहींनी हसून घेतले. रात्रभर जागून विमानात माणसे सांभाळणाऱ्या मुलीला चार तास निवांत झोप हवी, ह्यात हसण्यासारखे काय आहे ते आम्हांला कळले नाही. पंचवीस-एक जणांना कामावरून काढल्याची पत्रे गेली. लगेच ९ मे रोजी दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांपुढे दोन्ही बाजू बसल्या, आणि काढलेल्यांना परत घेण्याचे ठरले. जे बसणे एका दिवसात शक्य झाले, ते आधीच्या वर्षभरात का झाले नाही?

ह्या सर्वांत प्रवासी म्हणून आपलाही वाटा आहे. खोटी आजारपणाची रजा आम्हांला पटत नाही. ज्याच्या बापाची अंत्यविधीची वेळ ठरली आहे, त्याला न सांगता विमानतळावर बसवून ठेवणे हा अन्यायच. पण आपण रागावतो तो कोणावर? समोर गणवेशात उभ्या असलेल्या मुलीवर, जिच्या हाती काही नाही. आणि घरी येऊन पुढच्या प्रवासाचे तिकीट काढताना चारशे रुपये कोठे वाचतात तेवढेच पाहतो. ते चारशे कोणाच्या हमखास तासांतून आले, हे तिकिटावर लिहिलेले नसते.

विस्ताराचे शेवटचे विमान ११ नोव्हेंबर २०२४ रोजी उडाले व दुसऱ्या दिवशीपासून एकच नाव राहिले. एक गोष्ट तेवढी तेव्हाही उरली होती. एअर इंडियात अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती, विस्ताराकडून आलेल्यांना साठाव्या वर्षी. एकाच टेबलाशी बसणारे दोघे, एकाच कामाचे, आणि एकाने दोन वर्षे आधी घरी जायचे. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, उड्डाणाबाहेरील नोकरांचे वय ५८ वरून ६० व वैमानिकांचे ६५ केल्याचे वर्तमानपत्रांत आले. चांगले झाले. पण ज्याची अठ्ठावन्न वर्षे त्याच जुलैत पुरी झाली असतील, त्याने आपली राहिलेली दोन वर्षे कोणाकडे मागावीत?